पंचांना प्रत

भागूबाईच्या बोटांना मोबाईल काही ओळख देत नव्हता. वर्गात शेजारी बसलेल्या बायांनी नुसतं बोट टेकवलं की अक्षर उमटायचं. हिनं दाबलं, घासलं, पदरानं काच पुसली, तरी काच ढिम्म. दर साल दिवाळी झाली की ऊसतोडीला जायचं ते गुढीपाडव्याच्या सुमारालाच परतायचं. उसाच्या पाचटानं पेरं चिरायची, मोळ्या आवळून घट्टे पडायचे. अशा बोटांत काचेला कळावं असं काही उरलं नव्हतं.

“करंगळीनं करून बघा,” नीलांबरीबाई म्हणाल्या.

करंगळीला ऊसतोडीत फारसं काम नसतं, त्यामुळे ती जरा मऊ राहिली होती. टेकवल्याबरोबर काचेवर ‘भ’ उमटला आणि भागूबाई एवढ्यानं हसली की सगळ्या बाया वळून बघायला लागल्या.

नीलांबरीबाई कुलकर्णी नगरच्या एका कॉलेजच्या कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेल्या. आजोबा मास्तर, वडील कारकून, त्यामुळे शिस्त अंगातच मुरलेली. दर मंगळवारी एसटीनं पाथर्डीला यायच्या आणि बचत गटाच्या बायांना ईमेल शिकवायच्या. नुसता मेल धाडायला नव्हे, मेलात वागायला. विषय लिहिल्याशिवाय मेल पाठवायचा नाही. नमस्कार केल्याशिवाय कामाला हात घालायचा नाही. रागाच्या भरात लिहायचं नाही, आणि लिहिलंच तर आधी चार भाकरी थापून यायच्या, मग पुन्हा वाचायचं. आलेल्या मेलाला वेळेत उत्तर द्यायचं, निदान ‘पोचला’ एवढं तरी कळवायचं. सासरी नांदायचे नियम याहून अवघड असतात, असं शेजारची ज्योती हळूच म्हणाली तेव्हा बाईंनाही हसू आवरलं नाही.

बाकीच्या बाया शिकायचं म्हणून शिकत होत्या. भागूबाईचं तसं नव्हतं. तिला या मेलाच्या जोरावर यंदाची ऊसतोड चुकवायची होती.

गेल्या हंगामात तिची सासू साळूबाई घरी एकटी असताना रांजणापाशी घसरून पडली. सकाळची पडलेली म्हातारी दिवस कलेपर्यंत अंगणातच. शेजारची ज्योती रानातून आली तेव्हा तिला कण्हणं ऐकू गेलं. इकडे भागूबाई श्रीगोंद्याकडच्या एका फडात डोक्यावर उसाची मोळी घेऊन फळीवरून ट्रकात चढत होती. फोन आला तेव्हा मोळी टाकता येईना, फोन घेता येईना. मुकादमानं दोन दिवसांची सुट्टी दिली. ती आली, म्हातारीला धुतलं, खाऊ घातलं, पाय शेकला आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा जीपमध्ये बसली. निघताना साळूबाई नुसता पदर धरून राहिली. तो पदर सोडवून घेताना भागूबाईला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

“फुडल्या साली मी हितंच हाय, आत्या,” ती म्हणाली होती. म्हातारीनं मान हलवली. तिचा काही विश्वास बसल्यासारखा दिसला नाही.

पण योग म्हणतात तो आला. नगरला बचत गटांचं प्रदर्शन भरलं होतं, तिथं भागूबाई चुलीवर बाजरीची भाकरी थापत बसली होती. अनीश पुराणिक नावाचा एक तरुण आला. कारखान्यांच्या वसाहतीत त्याची कँटीनं होती. एक भाकरी उभ्याउभ्या खाल्ली, मग दुसरी मागून घेतली आणि म्हणाला, “रोज पाठवाल का? दिवाळीनंतर सुरू करू. पण बोलणं सगळं ईमेलवर हं मावशी. तोंडी काय ठरलं ते नंतर कुणालाच आठवत नाही.”

एवढ्या भाकरी म्हणजे भागूबाई थापणार आणि तिचा नवरा बिभीषण दळण, सरपण बघून सकाळच्या नगर गाडीवर डबे चढवणार. दोघांनीही घरी राहावं इतकं ते काम होतं. बिभीषणला पटलं, पण धीर होईना.

“आधी त्याचं पक्कं हुं दे,” तो म्हणाला. “काकादादाला आत्ताच न्हाई म्हनलं आन हिकडलं बारगळलं, तर तेल बी गेलं आन तूप बी गेलं.”

काकादादा म्हणजे काकासाहेब, बिभीषणचा थोरला मावसभाऊ आणि टोळीचा मुकादम. आवाज असा की तो फडाच्या या टोकाला ओरडला की त्या टोकाचा माणूस हातातला ऊस टाकायचा. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. असे कोयते जमवून तो दर साल श्रीगोंद्याला न्यायचा. बिभीषण-भागूबाईचा कोयता त्याच्या टोळीत जुना. यंदा त्यानं विचारलं तेव्हा बिभीषणनं “बघू दादा” म्हटलं होतं. तो हो समजून गेला होता.

म्हणून पहिला मेल लिहिताना भागूबाईनं मनातलं सगळं ओतलं. सातवीपर्यंतची शाळा कामाला आली. चुलीपुढं बसून करंगळीनं एकेक अक्षर टिपत तिनं लिहिलं: ‘सर नमस्कार. आम्ही यंदा ऊसतोडीला जाणार नाही, सासूबाई एकट्या आहेत. पण मुकादमांना अजून सांगितले नाही. ते आमच्या नात्यातले आहेत पण स्वभावाने फार तापट. कळले तर आम्हाला सोडणार नाहीत. म्हणून त्यांना कळू देऊ नका व तुमचे लवकर पक्के करा.’

अनीशचं उत्तर दुसऱ्याच दिवशी आलं. काम नक्की देतो, काळजी करू नका. शिवाय मोकळेपणानं त्यानं आणखी एक ओळ लिहिली होती. तुमच्याच गावातल्या पूजाताईंच्या गटाची भाकरीही मागवून पाहिली, पण ती वातड निघाली. त्यांना अजून तसं सांगितलेलं नाही. पूजा म्हणजे सरपंचांची सून. भागूबाईनं ती ओळ वाचली, जरा सुखावली, आणि गप्प बसली.

पुढच्या मंगळवारी नीलांबरीबाईंनी सीसी शिकवलं. “ज्याच्याशी बोलायचं त्याचं नाव वर. आणि हे बोलणं ज्यांच्या नजरेखालून जायला हवं, त्यांची नावं इथं, सीसीमध्ये. त्यांनी उत्तर द्यायचं नसतं, फक्त त्यांना माहीत असावं.”

“म्हंजी पंच,” भागूबाई म्हणाली.

बाई हसल्या. “हो, तसंच म्हणा.”

भागूबाईला एकदम सगळं उमगलं. गावात बैल घ्यायचा तरी चार माणसं बसतात. सुपारी फोडायची तर चार माणसं. चौघांच्या तोंडावर ठरलेलं मोडायची कुणाची छाती होत नाही, आणि कोपऱ्यात ठरवलेल्याला लोक चोरी म्हणतात. ईमेल ही शहरी लोकांची काहीतरी वेगळीच तऱ्हा असेल असं तिला वाटत होतं, पण त्यांच्यातही पंच लागतात म्हणजे माणसं सारखीच. त्या दिवशी परतीच्या जीपमध्ये ती फार खुशीत होती.

त्याच आठवड्यात अनीशच्या अटी आल्या. भाकरी किती, कोणत्या गाडीनं, सुट्टी कधी. खाली लिहिलं होतं, ‘मान्य असेल तर तसं लिहून पाठवा.’ बाजरी निवडून झाल्यावर तिघं ओट्यावर बसली. पंच कोण कोण घालायचे यावर बोलणं सुरू झालं. ज्योतीचं नाव आलं, नीलांबरीबाईंचं आलं. गावचं काम म्हणून ग्रामपंचायतीचा पत्ता घेतला. तो सरपंचांच्या घरातच उघडायचा, पण गावाचा तो गावाचा.

“काकाला म्होरं घाल,” साळूबाई भिंतीला टेकून म्हणाली. “थोरला हाय. त्याच्यावाचून कसले पंच?”

बिभीषण चरकला. “आई, त्याला अजून सांगितलं न्हाई.”

“आता तर पक्कंच झालं की,” भागूबाई म्हणाली. “दादास्नी भाईरनं कळन्यापरीस पंच म्हनून कळलं तर मान ऱ्हातो त्यांचा. उद्या तुमी जाऊन तोंडानं सांगा.”

हे बिभीषणला पटलं. काकासाहेबानं कारखान्यावर मिरवायला कार्ड छापून घेतलं होतं, ‘ऊसतोड व वाहतूक ठेकेदार’, आणि खाली ईमेलचा पत्ता. कार्ड देव्हाऱ्यात ठेवलेलं होतं. बिभीषणनं ते काढून दिलं.

भागूबाईनं अनीशच्याच मेलाला उत्तर दिलं. विषय लिहिला, नमस्कार केला, ‘सर्व अटी मान्य, पंच साक्षीला आहेत’ असं लिहिलं आणि सगळ्या पंचांचे पत्ते घातले. मेल गेला. तिनं मोबाईल देव्हाऱ्यापुढं ठेवून हात जोडले. साळूबाई म्हणाली, “झालं?” आणि ती म्हणाली, “झालं आत्या.” त्या रात्री भागूबाईला गाढ झोप लागली.

सकाळी ती चुलीपुढं असताना अंगणात मोटारसायकल थांबली. काकासाहेब. तिनं पदर डोक्यावरून पुढं ओढला. इतकी वर्षं त्याच्या टोळीत राबली, पण थोरल्या दिराशी समोरासमोर बोलायची रीत नव्हती, कामापुरतं व्हय-न्हाई एवढंच. बिभीषण उठून उभा राहिला.

“दादा, मी तुज्याकडंच निगालो हुतो...”

“बस,” काकासाहेब म्हणाला. ओरडला नाही, याचीच भागूबाईला भीती वाटली. त्यानं खिशातून मोबाईल काढला. “तुज्या मालकिनीनं मला पंच केलंय म्हनं. बरं वाटलं. म्हनलं, आपल्याला बी इचारत्यात. मग खाली अजून काय हाय ते बगितलं.” आणि तो शाळेतल्या पोरासारखा, शब्दाशब्दाला थांबत वाचायला लागला. “‘स्वभावाने फार तापट. कळले तर आम्हाला सोडणार नाहीत. म्हणून त्यांना कळू देऊ नका.’”

चुलीवरची भाकरी करपायला लागली. भागूबाईला ती उलटता येईना. हे आपण लिहिलं होतं खरं, पण ते तर कधीच, दुसऱ्या मेलात. ते यांच्या हाती कसं गेलं?

“तापट हाय मी. व्हय, हाय,” काकासाहेब म्हणाला. “पन वर पंच आन खाली चोर, आसं एकाच कागदावर लिवत्यात व्हय रं? मला तोंडावर न्हाई म्हनायचं हुतं. आईची मला काळजी न्हाई का? माजी मावशीच हाय ती.”

“दादा, चूक झाली.”

“तुमचा कोयता मी सकाळीच दुसऱ्याला दिला.” त्यानं गाडीला किक मारली. साळूबाई आतून “काका, च्या तरी घे” म्हणत धडपडत उठली, तोवर तो वळणापर्यंत गेला होता. दारावरून चहा न घेता तो आजवर कधी गेला नव्हता.

दुपारी अनीशचा मेल आला. भागूबाईनं एकटीनंच वाचला. ‘आपल्या दोघांतलं बोलणं तुम्ही परस्पर इतक्या लोकांना पाठवलंत. पूजाताईंच्या घरून मला फोन आला. मला फार अवघड झालं. तूर्त काम सुरू करायला नको, असं वाटतं.’

तिनं बिभीषणला सांगितलं तेव्हा तो सरपण फोडत होता. त्यानं कुऱ्हाड खाली ठेवली.

“तूप बी गेलं,” एवढंच म्हणाला आणि पुन्हा फोडायला लागला. त्यानं चार शिव्या घातल्या असत्या तर तिला बरं वाटलं असतं. साळूबाईला सगळं कळलं होतं. ती भिंतीकडे तोंड करून पडून राहिली.

दुसऱ्या दिवशी मंगळवार होता. वर्ग भरायच्या आधीच भागूबाई पाथर्डीला जाऊन दारात बसली. नीलांबरीबाई आल्या. त्यांनीही तो मेल पाहिला होता, चेहऱ्यावरूनच कळत होतं. त्यांनी मोबाईल हातात घेतला आणि मेलाच्या तळाशी तीन बारकी टिंबं होती त्यांवर बोट टेकवलं. खालून आधीचं सगळं उलगडत आलं. तिचा पहिला मेल, अनीशचं उत्तर, वातड भाकरी, तापट मुकादम.

“उत्तर दिलं की मागचं सगळं बोलणं बरोबर जातं,” बाई म्हणाल्या.

भागूबाईला चारचौघांत पदर ढळावा तसं झालं. ती त्या टिंबांकडे बघत राहिली. “एवढ्याशा टिंबात आमचं सगळं घर मावलं व्हय,” ती म्हणाली आणि तिला रडू आलं.

बाईंनी तिला पाणी दिलं. “चूक माझीही आहे. तुम्ही पंच म्हणालात आणि मी हसून हो म्हटलं. साक्षीदार आणि सीसी यांत फरक असतो, तो मी सांगायला हवा होता. आता असं करू. अनीश सरांची माफी मागा, फक्त त्यांना. मुकादमांना घरी जाऊन भेटा. बाकीच्यांना आता काही पाठवायचं नाही.”

भागूबाईनं डोळे पुसले. “सरास्नी एकल्यालाच लिवते. त्यांचं गुपित हुतं, ते मी फोडलं. पूजाकडं पायी जाते. पन दादांचं तसं न्हाई, बाई. त्यांचं नाक कापलं ते चारचौघांत. मग माफी कोपऱ्यात कशी मागायची?”

“ईमेलात तशीच रीत आहे. सगळ्यांना पुन्हा पाठवलंत की विषय पुन्हा उगाळला जातो.”

“उगाळू द्या. ज्यांनी शिवी वाचली त्यांनी माफी बी वाचाया पायजे. न्हाईतर गावात त्यांच्या नावाला जे लागलं ते तसंच ऱ्हायचं.”

बाईंना हे पटलं होतं असं नाही. त्या शिस्तीच्या बाई, रीत मोडायला सांगणं त्यांच्या जिवावर आलं होतं. शेवटी म्हणाल्या, “मेल तुमचा आहे. पण खालचं सगळं आधी पुसा. अनीश सरांच्या बोलण्यातला एक शब्द त्यात येता कामा नये. आणि पाठवायच्या आधी—”

“चार भाकरी थापून यायच्या,” भागूबाई म्हणाली.

भाकरी थापायला तिथं चूल नव्हती. तिनं आधी अनीशला दोन ओळींची माफी लिहिली. मग वर्ग संपेपर्यंत कोपऱ्यात बसून दुसरा मेल लिहिला, पुसला, पुन्हा लिहिला. करंगळी दुखायला लागली. खालचं आहे की गेलं, ते तिनं तीनतीनदा तपासलं.

‘विषय: माफी.

सर्वांना नमस्कार. काकासाहेब दादा, तुमच्यासमोर मी कधी तोंड वर करून बोलले नाही, म्हणून लिहिते. तुम्हाला तापट म्हणाले ते खोटे नाही, पण पुरते खरेही नाही. माझ्या लेकीच्या, पंकजाच्या वेळी फडातच माझ्या पोटात कळा आल्या. तेव्हा तुम्ही ट्रकची भरती सोडून जीप आणायला पळालात. ट्रकवाला शिव्या देत होता, तुम्ही ऐकून घेतल्या. पंकजा आता सासरी नांदते ती तुमच्यामुळे. ते मी कुठे लिहिले नाही. तुम्हाला न सांगता दुसरीकडे बोलणी केली ही माझी चूक, मालकांची नाही. आत्या पडल्या तेव्हा त्यांना सोडून गेले, ते पुन्हा होणे नको एवढेच मनात होते. ज्यांनी माझा आधीचा मेल वाचला त्यांनी हाही वाचावा. आपली, भागूबाई.’

बाईंनी वाचला. एक काना राहिला होता तो घातला. बाकी कशाला हात लावला नाही.

“पाठवा,” म्हणाल्या आणि चष्मा पुसायला लागल्या.

गावात उतरल्यावर ती तशीच पूजाच्या घरी गेली. पूजानं दारातच उभं ठेवलं. “आमची भाकर वातड तर वातड,” म्हणाली आणि दार लोटून घेतलं. भागूबाई तो घोट गिळून घरी आली. ते दार उघडायला वेळ लागणार होता, हे तिला दिसत होतं.

दोन दिवस कुणाचंच काही आलं नाही. दिवाळी तोंडावर आली होती. गावात अंगणाअंगणात पत्रे, ताडपत्र्या निघत होत्या, कोयत्यांना धार लागत होती. बिभीषण धार न लावता नुसता कोयता हातात घेऊन बसायचा. ऊसतोडीला जायचं तर कोयता गेलेला, राहायचं तर काम गेलेलं.

मग अनीशचं उत्तर आलं. ‘माफी पोचली. तुमचा दुसरा मेलही मला आला, तो मी वाचला. महिनाभर निम्म्या भाकरी घेऊन पाहतो. नीट जमलं तर वाढवू. यापुढे आपलं बोलणं आपल्या दोघांतच.’

निम्म्या भाकरी. भागूबाईला वाचून आनंद झाला आणि लगेच आनंद उतरलाही. निम्म्या भाकरीत एकानं घरी राहावं इतकंच काम होतं. दुसऱ्यानं काय करायचं?

त्याच संध्याकाळी टोळीतला वैजनाथ अंगणात डोकावला. “वहिनी, चौकातल्या हॉटेलात दादानं तुमचा मेल वाचला. दोनदा. एकदा मनात आन एकदा मोठ्यानं. समद्यास्नी च्या पाजला,” म्हणाला. तो बोलतोय तोवर मागून काकासाहेबच आला. मोटारसायकल दूर लावून, पायी. ओट्यावर बसला. इकडचं तिकडचं, पाण्याचं, कारखान्याचं बोलून झालं. मग बिभीषणकडं न बघता म्हणाला, “तुजा कोयता दिला त्यो दिला. शब्द हाय, माघारी घेता येत न्हाई. पन ह्या वैजाची बायकू बाळंतपनाला माहेरी गेली. ह्यो अर्धा कोयता झाला. तू बी अर्धा ये. दोन अर्धे मिळून एक लावतो.”

बिभीषणनं भागूबाईकडं पाहिलं. तिनं साळूबाईकडं पाहिलं.

“तू ऱ्हा आईपाशी,” बिभीषण म्हणाला. “मी जातो.”

लग्न झाल्यापासून एक हंगामही ती दोघं वेगळी राहिली नव्हती. तो तोडायचा आणि ती बांधायची, तो मोळी उचलून द्यायचा आणि ती डोक्यावर घ्यायची. आता त्याची मोळी कोण बांधणार, असं तिच्या मनात आलं. पण तिनं फक्त मान हलवली आणि चहा टाकायला उठली. काकासाहेबानं चहा घेतला. बशी खाली ठेवताना तो पहिल्यांदाच थेट तिच्याशी बोलला.

“आन भागूबाई, ती जीप न्हवती. टेम्पो हुता.”

“व्हय दादा,” पदराआडून ती म्हणाली. “चुकलं लिवायला.”

“ऱ्हाऊ दे आता. पुन्हा समद्यास्नी धाडू नको,” तो म्हणाला, आणि बिभीषण कितीतरी दिवसांनी हसला.

भाऊबीज झाली आणि ट्रॅक्टर आले. भागूबाईनं नवऱ्याचं गाठोडं बांधलं. सवयीनं ताटल्या दोन घेतल्या, मग एक काढून मांडणीवर परत ठेवली. बांधायला सुचेना. गाठ मारली, सोडली, मिठाची पुडी आत घातली, पुन्हा मारली. चौकात ट्रॉलीत पत्रे, ड्रम, कोंबड्या, पोरं चढली होती. काकासाहेबाचा आवाज साऱ्या गावात घुमत होता. बिभीषण चढला आणि वरून म्हणाला, “डबे येळंवर जाऊ दे. नगर गाडी थांबत न्हाई.” नवरा-बायकोत एवढंच बोलणं झालं. तिनं मान हलवली. अजून काहीतरी बोलावं असं दोघांनाही वाटत होतं, पण ट्रॅक्टर हलला.

आजवर भागूबाई नेहमी त्या ट्रॉलीत असायची. मागं तोंड करून बसायची, आणि वळण येईपर्यंत तिला दारातली साळूबाई दिसत राहायची. वळणावर बाभळी आड यायच्या. मग ती मनाशी म्हणायची, गेल्या असतील आता आत्या आत, लागल्या असतील कामाला. तेवढ्यावर मनाची समजूत घालून ती पुढं तोंड करायची. किती हंगाम असेच गेले.

आज ती दारात होती, सासूच्या शेजारी. ट्रॉली वळली, बाभळीआड गेली. साळूबाई आत गेली नाही. काठीवर दोन्ही हात ठेवून उभी राहिली. ट्रॅक्टरचा आवाज बारीक होत गेला, घाटाकडं कुठंतरी विरला, तरी ती तशीच. मग हळूहळू उंबऱ्यावर टेकली. गल्लीत दारादाराला कुलपं होती. सकाळपर्यंत इथं पोरं ओरडत होती, आता एक कुत्रं तेवढं या दारातून त्या दारात हुंगत फिरत होतं. गाव असं दिसतं, हे भागूबाईनं कधी पाहिलंच नव्हतं.

“आत्या, आत चला की. गार वारं सुटलंय.”

“बसू दे. दर साली मी हितंच बसती. पार अंदार पडस्तोवर.”

“आन मला वाटायचं,” भागूबाई म्हणाली, “मला वाटायचं, आमी वळलो की तुमी आत जाता.”

“कशाला जाऊ?” म्हातारी म्हणाली. “आत कोन असायचं?”

भागूबाई उंबऱ्यावरच बसली आणि ओक्साबोक्शी रडायला लागली. साळूबाईनं तिला रडू दिलं. तिच्या पाठीवरून खरबरीत हात फिरवत राहिली. मग काठी टेकली, तिच्या खांद्याचा आधार घेतला आणि कण्हत उठली.

“चल,” म्हणाली. “आज जाऊ आत.”